पाइप दुमडला की गणित अडलं?

भाचा फर्मागुडीला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्ट पीव्हीसी पाइपाला सॉकेट, म्हणजे दुसरा पाइप आत बसेल असं रुंद तोंड, काढण्याचा: टोक तापवायचं, मॅन्ड्रेलवर (आतून आकार देणाऱ्या साच्यावर) ढकलायचं, थंड करायचं. अबॅकस या सिम्युलेशन सॉफ्टवेअरमधला रन 62 टक्क्यांवर बंद पडला आणि तो फोंड्याला घरी येऊन म्हणाला, "मामा, पाइपच दुमडतोय. डिझाइन बदलावं लागणार."

नाचता येईना, अंगण वाकडं, असं माझ्या ओठांवर आलं होतं. पण कधीकधी अंगण खरंच वाकडं असतं, म्हणून लॅपटॉप उघडायला लावला.

इम्प्लिसिट सॉल्व्हर, म्हणजे सॉफ्टवेअरमधला गणित सोडवणारा भाग, प्रत्येक टप्प्याला बाहेरचं बळ आणि आतलं बळ जुळवून बघतो. जुळलं नाही की पाऊल लहान करून पुन्हा. असे पाच प्रयत्न फसले की रन थांबतो. तो संदेश एवढंच सांगतो की तोल सापडला नाही. तोल नव्हताच, की होता पण हाती लागला नाही, हे त्यात कुठेच लिहिलेलं नसतं.

पाइप खरोखर दुमडतो तेव्हा बळाचा आलेख चढतो, सपाट होतो आणि उतरणीला लागतो. तुम्ही बळ वाढवत नेत असाल, तर शिखरापलीकडे जवळपास तोलच नाही. सॉल्व्हर बिचारा काय करणार? बळाऐवजी मॅन्ड्रेलचं सरकणं ठरवून दिलं, तर बहुतेक वेळा तो उतरणही पार करतो.

मॉडेलचं दुखणं वेगळं दिसतं. पहिल्याच पावलाला थांबला, तर पाइप नीट धरलेला नाही किंवा मॅन्ड्रेलला अजून टेकलेलाच नाही, असं समजा. आलेख मस्त चढत असताना मधेच अडला, तर संपर्क तपासा. मॅन्ड्रेलच्या गोलाईवर जाळी (आकाराचे पाडलेले छोटे तुकडे, म्हणजे एलिमेंट) भरड असेल, तर पाइपाचे नोड (तुकडे जोडणारे बिंदू) तिच्या कोपऱ्यांवर अडखळतात.

भाच्याचा आलेख सपाट झाला होता, चुण्याही दिसत होत्या. म्हणजे दुमडणं खरं? चुण्यांची रुंदी बघितली: बरोबर एकेका एलिमेंटएवढी. मी जाळी निम्म्या मापाची करायला सांगितली, तर चुण्याही निम्म्या झाल्या. खऱ्या पाइपाला आपली जाळी कुठे माहीत असते! पाइपाच्या जाडीत रिड्यूस्ड इंटिग्रेशनचा, म्हणजे कमी बिंदूंवर हिशेब करणारा, एकच एलिमेंट होता. असा एकटा थर वाकायला जवळजवळ विरोधच करत नाही. जाडीत चार थर दिले आणि त्या चुण्या गेल्या.

मधे त्याने विचारलं, "एक्स्प्लिसिटमध्ये चालवू का? तो अडत नाही." अडत नाही हीच तर पंचाईत! एक्स्प्लिसिट सॉल्व्हर तोल शोधतच नाही, वेळेच्या बारीक पावलांनी हालचाल पुढे नेत राहतो; म्हणून तो चुकीचं उत्तरही शेवटपर्यंत नेतो. रन लवकर उरकायला मॉडेलमधलं वस्तुमान वाढवलंत, तर गतिज ऊर्जा अंतर्गत ऊर्जेच्या 5 ते 10 टक्क्यांच्या आत आहे ना, ते बघा. नाहीतर तुम्ही पाइप ढकलत नाही, फेकताय.

नवा रन 62 टक्के ओलांडून गेला आणि तापवलेला भाग संपतो तिथे एकच जाडसर फुगवटा आला. जाळी आणखी बारीक केली, तरी जागा तीच, रुंदी तीच. हा खरा. घर्षणाचा गुणांक भाच्याने 0.4 धरला होता. तो कुठून आणला विचारलं, तर गडी गप्प. आता 0.1 ठेवून रात्रीचा रन लावलाय. पाऊस धरून आहे. वीज टिकली तर सकाळी कळेल.