पाण्यातल्या झाडांना साखरेतून कार्बन

अ‍ॅक्वेरियमच्या दुकानात खरी झाडं मागितली की हमखास ऐकायला मिळतं, "साहेब, प्लास्टिकचीच न्या, खरी टिकत नाहीत, सडतात आणि पाणी खराब करतात." बऱ्याच घरांत तसं होतंही, म्हणून हा समज पक्का झालाय. मग कुणीतरी सांगतं लाइट कमी पडतोय, की लाइट दुप्पट, आणि महिन्याभरात झाडं तशीच नि काचेवर मात्र शेवाळाचा थर. माझं म्हणणं असं की बहुतेक टँकमध्ये कमी पडतो तो लाइट नाही, कार्बन. आणि तो घरच्या घरी साखर, यीस्ट आणि कोल्डड्रिंकच्या रिकाम्या बाटलीतून देता येतो.

बाकीची मांडणी थोडक्यात. दोन बाय एक बाय एक फुटाचा टँक, म्हणजे माती-वाळू धरून ४५ लिटरच्या आसपास पाणी. तळाला इंचभर चाळलेली बागेतली माती (ताजं शेणखत अजिबात नको), वर दीड इंच धुतलेली जाड वाळू. ६५०० केल्विनचा साधा पांढरा एलईडी रोज सात-आठ तास. छोटा पॉवर फिल्टर, त्याच्या तोंडाला स्पंज. कॉर्पोरेशनचं पाणी असेल तर क्लोरिन घालवायला दुकानात मिळतो तो हायपो, आणि स्पंज धुवायचा तो टँकमधून काढलेल्या पाण्यातच, नळाखाली नाही, कारण त्यात माशांची घाण पचवणारे जिवाणू बसलेले असतात. आठवड्याला चतकोर पाणी बदललं की झालं.

आता कार्बन. अकरावी-बारावीच्या प्रॅक्टिकलमधली हायड्रिला आठवते का? बीकरमध्ये फांद्या, वर उपडं नरसाळं, त्यावर टेस्टट्यूब, आणि देठातून सुटणारे ऑक्सिजनचे बुडबुडे. त्यात चिमूटभर खायचा सोडा टाकला की बुडबुडे वाढतात. लाइट तोच, झाड तेच, पाणी तेच, वाढला फक्त कार्बन. या प्रयोगाचं सगळं सार तिथेच आहे पण आपण बुडबुडे मोजून जर्नल पूर्ण करतो आणि सोडून देतो.

हवेशी समतोल साधलेल्या एक लिटर पाण्यात २५ अंशाला साधारण ०.६ मिलिग्रॅम सीओटू (कार्बन डायऑक्साइड, झाडांना कार्बन मिळतो तो वायू) विरघळलेला असतो. आकडा लहान आहेच, पण खरी अडचण वेगळी आहे. वायू पाण्यात पसरतो तो हवेतल्यापेक्षा जवळपास दहा हजार पट हळू. पानाला लागून पाण्याचा एक पातळ, जवळजवळ स्थिर थर असतो, त्यातला सीओटू पान काही क्षणांत ओढून घेतं आणि नवीन यायला वेळ लागतो. वरून लाइट जोरात, पानाजवळ ऑक्सिजन साचतोय, सीओटू नाही, आणि अशा वेळी कार्बन पकडणारं रुबिस्को हे एन्झाइम सीओटूऐवजी ऑक्सिजनच पकडतं, कारण त्याला या दोघांतला फरक नीट करता येत नाही. म्हणजे झाड प्रकाश घेतंय, ऊर्जा खर्च करतंय आणि उलट आधी बांधलेला कार्बन गमावतंय. त्यात लाइट वाढवून काय होणार!

मग टँकमध्ये सोडाच टाकायचा का? नाही. सोड्यातून मिळतो बायकार्बोनेट, तो हायड्रिला आणि व्हॅलिसनेरिया यांना वापरता येतो, कॅबोम्बा किंवा मॉसला येत नाही. हायड्रिला तर त्याही पुढची, सीओटू कमी झाला की ती ऊस-मक्यासारखी सी-फोर पद्धत (आधी कार्बन साठवून मग तो रुबिस्कोला पुरवायचा) सुरू करते, आणि तेही उसाच्या पानात असते तशी दोन प्रकारच्या पेशींची विभागणी नसताना, एकाच पेशीत. आपल्या तळ्यांत गवतासारखी माजणारी वनस्पती हे करते याचं मला फार कौतुक आहे. बाकीच्यांना मात्र वायूच लागतो.

तो यीस्ट देतं. दोन लिटरची कोल्डड्रिंकची बाटली, त्यात २०० ग्रॅम साखर, सव्वा लिटर कोमट पाणी, पाव चमचा बेकरीचं ड्राय यीस्ट, चिमूटभर सोडा. बाटली दोन तृतीयांशाच्या वर भरायची नाही, फेस येतो. यीस्ट साखर खाऊन अल्कोहोल आणि सीओटू बनवतं. कागदावर हिशेब केला तर २०० ग्रॅम साखरेतून १०० ग्रॅमच्या वर सीओटू निघतो, म्हणजे पन्नास लिटरपेक्षा जास्त वायू! दोन-तीन आठवडे चालतं, मे महिन्यात लवकर संपतं, आणि शेवटी साखर तरी संपते किंवा अल्कोहोल इतकं साठतं की यीस्टच थांबतं.

झाकणाचं काम नीट करा. भोक नळीपेक्षा जरासं लहान पाडायचं, नळीचं टोक तिरकं कापायचं, गरम पाण्यात बुडवायचं आणि झाकणातून पकडीने ओढून घ्यायचं, म्हणजे ती स्वतःच घट्ट बसते. सिलिकॉन लावून भागत नाही, या झाकणांच्या प्लास्टिकला ते धरत नाही. नळी पण सिलिकॉनची नको, तिच्या भिंतीतून सीओटू आरपार निघून जातो, त्यापेक्षा मेडिकलमध्ये मिळणारी सलाईनची नळी चांगली, फक्त तिची थेंब कमी-जास्त करायची चकती काढून टाका, कारण वाट बंद झाली तर यीस्ट काही थांबत नाही, दाब वाढत जातो आणि बाटली फुटते. मध्ये पाण्याची एक छोटी बाटली जोडा, म्हणजे यीस्टचा फेस टँकमध्ये जाणार नाही आणि बुडबुडेही मोजता येतील.

आपल्याला दर लिटरला ३० मिलिग्रॅमच्या आसपास सीओटू हवा; ४५ लिटर पाणी तिथपर्यंत न्यायला दीड ग्रॅमही लागत नाही, तरी बाटलीतला बहुतेक वायू वाया जातो, कारण एअर स्टोनचे (हवा सोडायच्या सच्छिद्र दगडाचे) मोठे बुडबुडे विरघळायच्या आत वर येऊन फुटतात. म्हणून नळी फिल्टरच्या तोंडाशी सोडायची, आतलं चाक बुडबुड्यांचा भुगा करतं.

किती झालं हे कसं कळणार? एक लिटर डिस्टिल्ड वॉटरमध्ये १.२ ग्रॅम खायचा सोडा, त्यातलं १०० मिलिलिटर घेऊन परत एक लिटर करायचं, म्हणजे ४ डिग्री केएचचं (केएच म्हणजे पाण्यातल्या बायकार्बोनेटचं माप) पाणी तयार. त्यात ब्रोमोथायमॉल ब्ल्यू या पीएचप्रमाणे रंग बदलणाऱ्या द्रावणाचे थेंब टाकून ते रुंद तोंडाच्या छोट्या काचेच्या बाटलीत भरायचं, ही बाटली एका काचेच्या पेल्याच्या आत उलटी चिकटवलेली हवी, म्हणजे पेला उपडा करून पाण्यात बसवला की ती सरळ उभी राहते आणि भोवती हवा अडकते. या हवेतून फक्त वायू जातो, टँकमधली बाकीची आम्लं जात नाहीत, त्यामुळे आतला पीएच फक्त सीओटूवर ठरतो. निळा म्हणजे कमी, हिरवा म्हणजे पीएच ६.६ च्या आसपास, म्हणजे जवळपास ३० मिलिग्रॅम, पिवळा म्हणजे जास्त. रंग बदलायला तास-दोन तास लागतात.

'लिक्विड कार्बन' नावाच्या बाटल्या महाग मिळतात त्यांच्या मागे लागू नका, बहुतेकांत ग्लुटाराल्डिहाइड असतं, जे हॉस्पिटलात उपकरणं निर्जंतुक करायला वापरतात. शेवाळ मरतं हे खरं, पण व्हॅलिसनेरियाही त्याने वितळते.

आता रात्रीचं, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. लाइट बंद झाला की झाडं सीओटू घेत नाहीत, उलट सोडतात, आणि यीस्ट चालूच. पाण्यात सीओटू वाढला की माशांना कल्ल्यांतून आपला सीओटू बाहेर टाकता येत नाही, रक्त आम्लधर्मी होतं आणि हिमोग्लोबिनला ऑक्सिजन धरवत नाही. सकाळी मासा मेलेला सापडतो आणि घरात कुणीतरी म्हणतं, घरावरचं संकट त्याने अंगावर घेतलं. हे ऐकून मला फार वाईट वाटतं, कारण या समजुतीमुळे कारण कुणी शोधत नाही आणि पुढचा मासाही तसाच जातो.

उपाय साधा आहे. एअर पंप दिवसा बंद, रात्री चालू, टायमर लावून. पंप पाण्याचा पृष्ठभाग हलवतो, त्यातून सीओटू बाहेर जातो आणि ऑक्सिजन आत येतो, हे काम मुख्यतः पृष्ठभागावर होतं, बुडबुड्यांच्या आत थोडंच. मासे वर येऊन धापा टाकताना दिसले तर नळी टँकबाहेर काढा, बाटलीचं झाकण उघडंच राहू दे, पंप लावा आणि चतकोर पाणी बदला. पुढच्या बाटलीत यीस्ट निम्मं टाका.