आधी हात की आधी कंबर?

गोल्फच्या ड्रायव्हिंग रेंजवर, म्हणजे फटक्यांचा सराव करायच्या मैदानावर, नवशिक्याला पहिल्याच दिवशी सल्ले मिळतात. मनगटं फिरव. कंबर आधी वळव. कंबर अजिबात वळवू नकोस, फक्त खांदे वळव. सांगणारे सगळे अनुभवी असतात, आणि गंमत म्हणजे प्रत्येक सल्ला कधी ना कधी बरोबर होता. फक्त ते वेगवेगळ्या काळातले आहेत.

सुरुवात लाकडापासून करावी लागते. स्टील येण्याआधी क्लबचा, म्हणजे चेंडू मारायच्या काठीचा, दांडा हिकरी नावाच्या झाडाच्या लाकडाचा असे. लाकूड चिवट, पण पीळ घेणारं. क्लबचं डोकं दांड्याच्या एका अंगाला असतं, त्यामुळे जोर लावून फटका मारला की दांडा पिळला जाई, क्लबचं तोंड उघडं राही आणि चेंडू उजवीकडे जाई. (इथे सगळं उजव्या हाताने खेळणाऱ्यांच्या हिशेबाने लिहितो आहे.) त्यावर उपाय मनगटात होता. ती नेमक्या वेळी फिरवून तोंड चेंडूसमोर आणायचं. साहजिकच शिकवणीचा भर हातांवर आणि लयीवर असे. हॅरी व्हार्डनने १८९६ ते १९१४ या काळात ब्रिटिश ओपन सहा वेळा जिंकली ती याच लाकडाच्या जोरावर, अंगात कोट आणि गळ्यात टाय घालून.

स्टीलच्या दांड्याला अमेरिकेत १९२४ मध्ये मान्यता मिळाली, ब्रिटनमध्ये १९२९ मध्ये. हा दांडा फारसा पिळत नाही. मग जुन्या सवयीने मनगटं फिरवणाऱ्यांचे चेंडू डावीकडे वळू लागले. याला हुक म्हणतात.

हा गुंता सोडवणारी दोन मुलं टेक्सासमधल्या फोर्ट वर्थच्या ग्लेन गार्डन या गोल्फ मैदानावर कॅडी, म्हणजे खेळाडूंचे क्लब वाहणारी पोरं, होती. दोघांचा जन्म १९१२ चा. १९२७ च्या नाताळात कॅडींच्या स्पर्धेत बायरन नेल्सनने बेन होगनला एका फटक्याने हरवलं. पुढे नेल्सनने मनगटांचं काम कमी केलं, गुडघे वाकवले आणि जोर पायांतून काढायला सुरुवात केली. १९४५ मध्ये त्याने सलग ११ आणि वर्षभरात एकूण १८ स्पर्धा जिंकल्या. आधुनिक स्विंगचा, म्हणजे क्लब फिरवून फटका मारण्याच्या पद्धतीचा, जनक म्हणून त्याचंच नाव घेतात.

होगनला हुकने अनेक वर्षं छळलं. तो सुटतो न सुटतो तोच फेब्रुवारी १९४९ मध्ये धुक्यात एक बस त्याच्या मोटारीवर आदळली. बायकोला वाचवायला तो तिच्या अंगावर झेपावला. ओटीपोटाचं हाड, गळपट्टीचं हाड आणि डावा घोटा मोडला. सोळा महिन्यांनी, पायांना पट्ट्या गुंडाळून, त्याने अमेरिकेतल्या मेरियनच्या मैदानावर यूएस ओपन जिंकली. शेवटच्या दिवशी ३६ होल (चेंडू घालायची भोकं; एका फेरीत १८) आणि दुसऱ्या दिवशी बरोबरी सोडवणाऱ्या प्लेऑफचे आणखी १८. ज्याची कंबरच मोडली होती, त्यानेच १९५७ मधल्या लेखमालेत ठामपणे मांडलं की डाउनस्विंगची (क्लब वरून चेंडूकडे आणण्याची) सुरुवात कंबरेने करायची, हात मागून आपोआप येतात. आजचा ‘कंबर आधी’ हा सल्ला मुख्यतः तिथून आलेला आहे.

पुढची वळणं थोडक्यात. साठ-सत्तरच्या दशकांत फटक्यानंतर पाठ मागे कमानीसारखी वाकवण्याची पद्धत रुळली आणि कंबरदुखीही सोबत आली. ऐंशीच्या दशकात प्रशिक्षक डेव्हिड लेडबेटरने खेळाडू निक फाल्डोचा स्विंग मुळापासून बदलला. फाल्डोने १९८७ मध्ये ब्रिटिश ओपन जिंकली, तीही शेवटच्या फेरीत अठराच्या अठरा होल पारमध्ये, म्हणजे त्या होलसाठी ठरलेल्या फटक्यांत, खेळून. १९९२ मध्ये प्रशिक्षक जिम मॅकलीनने ‘एक्स-फॅक्टर’ मांडला. खांदे जास्त वळतात, कंबर कमी, या दोहोंमधल्या फरकातून ताकद मिळते. कल्पना चुकीची नव्हती. पण लवचीक व्यावसायिकाला जमणारा ताण ऑफिसात दिवसभर बसणाऱ्याने कंबर आवळून काढायचा म्हटलं, की भार मणक्यावर येतो.

आता शरीरावर सेन्सर लावून क्रम मोजता येतो. उत्तम खेळाडूंमध्ये आधी कंबर, मग छाती, मग हात आणि शेवटी क्लब कमाल वेगाला पोहोचतो. होगनचा क्रम साधारण बरोबर निघाला. मात्र बॅकस्विंगमध्ये (क्लब मागे उचलताना) कंबर जखडायचा आग्रह सैल झाला आहे. कंबर ताठ असलेल्या पन्नाशीच्या खेळाडूला बरेच प्रशिक्षक डावी टाच खुशाल उचलू द्या म्हणतात. म्हणजे हिकरीच्या दांड्यांनी १९३० मध्ये एकाच वर्षी त्या काळच्या चारही मोठ्या स्पर्धा जिंकणारा बॉबी जोन्स उचलायचा, तशी.