बहुनिकष निर्णय-प्रतिमाने आणि बेळगाव सीमाभाग

बहुनिकष निर्णय-प्रतिमाने म्हणजे एकमेकांना छेद देणारे अनेक निकष एकाच वेळी लावून पर्यायांतून निवड करण्याच्या आकडेमोडीच्या पद्धती. रोजच्या बोलण्यात त्यांना नुसते ‘मॉडेल’ म्हणतात. रस्ता कोणत्या शिवारातून न्यायचा, टेंडर कोणाला द्यायचे, नदीचे पाणी कोणत्या खोऱ्यात वळवायचे, पूरग्रस्त गाव उचलून कोठे वसवायचे, अशा प्रश्नांना एकच एक बरोबर उत्तर नसते. स्वस्त असते ते टिकाऊ नसते, जवळ असते ते पाण्याखाली जाते. अशा वेळी काय मिळवण्यासाठी काय सोडतो आहोत, हे प्रतिमानामुळे आकड्यांत मांडता येते. निर्णय मात्र माणसालाच घ्यावा लागतो.

कर्नाटकातील बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी हा मराठी भाषकांची मोठी वस्ती असलेला पट्टा या विषयाच्या अभ्यासाला विशेष उपयोगी आहे. येथे पिकाच्या निवडीपासून राज्याच्या हद्दीपर्यंतचे वाद निकषांच्या भाषेत झाले आहेत. त्यांतल्या बहुतेकांत भारांक, म्हणजे कोणत्या निकषाला किती वजन दिले ते, मात्र कोणी लिहून ठेवले नाहीत.

पद्धत

प्रथम पर्याय ठरवतात, मग निकष. प्रत्येक निकषाला त्याच्या महत्त्वाप्रमाणे भारांक देतात. सर्व भारांकांची बेरीज 1 येते. प्रत्येक पर्यायाला प्रत्येक निकषावर गुण देऊन गुण आणि भारांक यांचा गुणाकार करतात आणि बेरीज घेतात. ज्याची बेरीज मोठी तो पर्याय वर. या साध्या रीतीत एका निकषावरची उणीव दुसऱ्या निकषावर भरून काढता येते. दुसरी रीत चाळणीची आहे. ठरावीक उंबरठा ओलांडला नाही, तर बाकी काहीही चांगले असले तरी पर्याय बाद होतो. व्यवहारात दोन्ही रीती मिसळून वापरतात: आधी चाळणी, मग बेरीज.

भारांक कोठून आणायचे हा खरा अडचणीचा भाग. थॉमस साटी यांनी 1970 च्या दशकात मांडलेली श्रेणीबद्ध विश्लेषण पद्धत यासाठी सर्वांत जास्त वापरली जाते. तीत ‘पाण्याला किती टक्के महत्त्व’ असे थेट विचारत नाहीत. दोन-दोन निकष समोरासमोर ठेवून ‘यातले कोणते मोठे, आणि किती पट’ एवढेच विचारतात. उत्तर 1 ते 9 या मापावर द्यायचे. 1 म्हणजे दोन्ही सारखे, 9 म्हणजे पहिल्यापुढे दुसरे जवळपास नगण्य. या उत्तरांच्या कोष्टकातून भारांक काढतात. सोबत सुसंगती गुणोत्तरही निघते. ते 0.10 च्या वर गेले तर उत्तरे एकमेकांशी जुळत नाहीत असे धरून प्रश्न पुन्हा विचारतात.

एका शिवारातला हिशेब

पुढील आकडे समजावण्यापुरते गृहीत धरले आहेत. बेळगाव तालुक्यातील एका घराची काळी जमीन आहे आणि विहिरीचे पाणी उन्हाळ्यात तळाला जाते. पर्याय तीन: ऊस, भात काढून त्यावर मसूर, किंवा भाजीपाला. निकषही तीन: पाणी, उत्पन्न, मजूर. गुण 10 पैकी दिले आहेत, आणि पाणी व मजूर कमी लागणाऱ्या पिकाला जास्त गुण आहेत. पाण्यावर उसाला 2, भात-मसुरीला 8, भाजीला 5. उत्पन्नावर त्याच क्रमाने 7, 4, 9. मजुरांवर 8, 5, 2, कारण ऊसतोडीला कारखान्याची टोळी येते, भाजीला मात्र रोज माणूस लागतो.

वडिलांना विचारले. त्यांच्या मते पाणी उत्पन्नाच्या 2 पट मोठे, उत्पन्न मजुरांच्या 3 पट मोठे, आणि पाणी मजुरांच्या 5 पट. काटेकोर हिशेबाने शेवटचे उत्तर 6 पट यायला हवे होते. पण एवढ्या फरकाने सुसंगती गुणोत्तर 0.01 च्याही खालीच राहते, म्हणजे वडिलांचे मत पक्के आहे. यातून पाण्याला 0.58, उत्पन्नाला 0.31 आणि मजुरांना 0.11 भारांक मिळतो. बेरीज केल्यावर भात-मसूर 6.43, भाजी 5.91, ऊस 4.21.

मुलाच्या लेखी उत्पन्न पहिले, मजुरांची कटकट दुसरी आणि पाणी शेवटी. त्याने हेच भारांक त्या क्रमाने दिले की ऊस 6.76, भाजी 6.39, भात-मसूर 4.75. वडिलांच्या यादीत तळाला असलेला ऊस मुलाच्या यादीत वर आला. गुणांच्या तक्त्यात एकही आकडा बदललेला नाही.

भाजी मात्र दोन्ही याद्यांत दुसरी आहे. दोघांच्या भारांकांची सरासरी घेतली तर भाजी 6.15 वर जाते, भात-मसूर 5.59 आणि ऊस 5.49. कोणाचीच पहिली पसंती नसलेला पर्याय दोघांना मिळून पहिला येतो. घराघरांत अशा तडजोडी कागद-पेन्सिलीशिवाय होतच असतात. मात्र तेथे कोणी किती सोडले याची नोंद राहत नाही.

यापुढची पायरी सहसा गाळली जाते. भाजीला उत्पन्नाचे 9 गुण दिले, ते दर चांगला मिळेल असे धरून. कोथिंबीर, कोबी बाजारात कवडीमोलाने गेली आणि हे 9 चे 6 झाले, तर सरासरी भारांकांनी भाजी 4.82 वर, म्हणजे तिन्हींत शेवटी येते आणि भात-मसूर वर जाते. एखादा आकडा हलवून निकाल टिकतो का हे पाहण्याला संवेदनशीलता चाचणी म्हणतात. ती केल्याशिवाय दिलेल्या निकालावर विसंबू नये. दोन दशांश स्थळांपर्यंतचे आकडे दिसले की माणूस उगाच निर्धास्त होतो.

या तक्त्यात एक निकष राहून गेला आहे, तो म्हणजे पैसा हाती केव्हा येतो. 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस दिल्यापासून 14 दिवसांत बिल मिळायला हवे. ते खरोखर केव्हा मिळते हे ऊस उत्पादकाला विचारावे. हा निकष वेगळा घेतला तर उत्पन्नाच्या गुणांत उशिराची वजावट धरायची नाही, नाहीतर एकच गोष्ट दोनदा मोजली जाते. हौसेने निकष वाढवत नेणाऱ्यांच्या तक्त्यात ही चूक हमखास सापडते.

थोडा इतिहास

बाजूच्या आणि विरोधातल्या मुद्द्यांना वजन देऊन ते एकमेकांसमोर खोडण्याची युक्ती बेंजामिन फ्रँकलिन यांनी 1772 मध्ये जोसेफ प्रीस्टली यांना पत्रातून सांगितली होती. विसाव्या शतकात बर्नार रॉय यांनी 1960 च्या दशकात फ्रान्समध्ये पर्याय जोडीजोडीने ताडून पाहणारी ‘एलेक्ट्र’ पद्धत मांडली, राल्फ कीनी आणि हॉवर्ड रायफा यांनी 1976 मध्ये उपयोगिता सिद्धांताला, म्हणजे कोणता परिणाम माणसाला किती मोलाचा वाटतो हे आकड्यात मांडण्याच्या रीतीला, ग्रंथरूप दिले, तर ह्वांग आणि यून यांची ‘टॉप्सिस’ पद्धत 1981 मधली. आदर्श पर्यायापासून कोण किती दूर आहे, हे ती मोजते.

सीमाप्रश्न आणि एककाची निवड

1953 मध्ये नेमलेल्या फाजल अली आयोगाने राज्यांची पुनर्रचना भाषा किंवा संस्कृती या एकाच कसोटीवर करणे शक्य नाही आणि इष्टही नाही, असे 1955 च्या अहवालात म्हटले. देशाचे ऐक्य व सुरक्षितता, भाषिक-सांस्कृतिक एकजिनसीपणा, आर्थिक व प्रशासकीय सोय आणि राष्ट्रीय नियोजन असे चार निकष आयोगाने एकत्र विचारात घेतले. आजच्या भाषेत हे बहुनिकष प्रतिमानच होते, फक्त भारांक नसलेले. कोणत्या निकषाने कोणाला किती ओढले हे वाचकाने तर्काने ओळखायचे. 1 नोव्हेंबर 1956 रोजी बेळगाव जिल्हा तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला आणि त्यातला चंदगड तालुका वेगळा होऊन मुंबई राज्याकडे राहिला. आज तो कोल्हापूर जिल्ह्यात आहे.

महाराष्ट्राची मागणी ज्या तत्त्वांवर उभी राहिली ती सीमाभागात अनेकांना तोंडपाठ आहेत: खेडे हा घटक, भौगोलिक सलगता, सापेक्ष भाषिक बहुसंख्या आणि लोकेच्छा. यांत बेरीज नाही, चाळण्या आहेत. गावात बहुसंख्या असली पण गाव सलग पट्ट्यात नसले तर ते बाद. यांतला सर्वांत प्रभावी शब्द ‘खेडे’ आहे, आणि तो निकष नाहीच. मोजायचे कशात, याचे ते उत्तर आहे. जिल्हा हे एकक घेतले तर बेळगावात कन्नड भाषकांची बहुसंख्या दिसते. तालुका घेतला की चित्र बदलते आणि गाव घेतले की आणखी बदलते. जनगणनेचा एकही आकडा खोटा न ठरता तीन वेगळे निकाल लागतात. दोन्ही बाजूंनी आकड्यांवर जेवढे रान उठवले त्याच्या चौथाईने जरी एककावर चर्चा केली असती, तरी वाद कशाचा आहे हे अधिक स्पष्ट झाले असते.

या सीमावादासाठी 1966 मध्ये नेमलेल्या महाजन आयोगाने पुढच्या वर्षी अहवाल दिला. बेळगाव शहर म्हैसूरकडेच ठेवावे आणि 264 गावे महाराष्ट्राकडे द्यावीत, अशी त्याची शिफारस होती. महाराष्ट्राने ती नाकारली, आणि 2004 मध्ये प्रश्न सर्वोच्च न्यायालयात नेला.

उंबरठ्याचा निकष रोजच्या कारभारातही भेटतो. एखाद्या भागात भाषिक अल्पसंख्याकांचे प्रमाण 15 टक्के किंवा अधिक असेल तर महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, असे अखिल भारतीय पातळीवर मान्य झालेले संरक्षण आहे, आणि मराठीतून कागदपत्रे मागताना बेळगावात त्याचाच आधार घेतला जातो. उंबरठ्याचा स्वभावच असा की 14 टक्क्यांना काहीच नाही आणि 15 टक्क्यांना सगळे. म्हणून येथेही प्रमाण तालुक्यात मोजायचे की जिल्ह्यात, हा प्रश्न आधी येतो.

सरकारी निवडींतील वापर

भारांक उघड छापलेले उदाहरण म्हणजे स्मार्ट सिटी योजनेची स्पर्धा. जानेवारी 2016 मध्ये जाहीर झालेल्या पहिल्या 20 शहरांत बेळगाव होते. ही निवड स्पर्धेच्या ज्या दुसऱ्या फेरीतून झाली, तिच्या गुणांकनात शहराच्या पातळीवरील निकषांना 30 टक्के आणि प्रस्तावाला 70 टक्के वजन होते. त्या 70 पैकी मोठा वाटा निवडलेल्या विशिष्ट भागाच्या विकास आराखड्याला, थोडा संपूर्ण शहरासाठीच्या योजनेला. त्यामुळे एखाद्या भागावर पैसा एकवटण्याकडे शहरांचा कल होणे स्वाभाविक होते. उपनगरांतले लोक ‘आमच्याकडे का नाही’ विचारत राहिले, तरी त्याचे उत्तर बऱ्याच अंशी गुणपत्रिकेतच होते.

टेंडरांत अजूनही ‘एल-वन’ला, म्हणजे सर्वांत कमी दराला, मान आहे. कर्नाटकात 1999 चा सार्वजनिक खरेदी पारदर्शकता कायदा लागू आहे. केंद्राच्या अर्थ मंत्रालयाने ऑक्टोबर 2021 च्या सूचनांत बांधकामांसाठीही गुणवत्ता आणि दर एकत्र पाहायला ठरावीक परिस्थितीत परवानगी दिली, पण गुणवत्तेसारख्या दराबाहेरच्या निकषांना जास्तीत जास्त 30 टक्के वजन ठेवले. गुणवत्तेचे गुण समितीच्या हातात असतात आणि दराचा आकडा कोणीही तपासू शकतो. मर्यादेमागचे कारण त्यात शोधता येते.

पाण्याबाबत हे अधिक अवघड होते. खानापूर तालुक्यात उगम पावणाऱ्या म्हादईचे पाणी कळसा-भांडुरा योजनेतून मलप्रभेत वळवायचे आणि हुबळी-धारवाड भागाला प्यायला द्यायचे, हा कर्नाटकाचा आग्रह आहे. म्हादई लवादाने 14 ऑगस्ट 2018 च्या निवाड्यात कळसासाठी 1.72 आणि भांडुऱ्यासाठी 2.18, मिळून 3.90 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मंजूर केले. गोव्याचे आक्षेप नदीच्या प्रवाहाचे आणि जंगलाचे आहेत. खानापूर तालुक्यातल्या कणकुंबी परिसराचा पाऊस, खालच्या अंगाची नदी आणि दूरच्या शहरातली तहान एकाच बेरजेत घालायची म्हटली, तर एवढे जंगल गेले तरी चालेल, कारण तेवढे पाणी मिळाले, असे कोणीतरी आकड्यात लिहून द्यावे लागते. काही गोष्टींची भरपाई होत नाही असे मानणाऱ्यांनी येथे बेरजेची पद्धत न वापरता चाळणीची वापरावी, असे या शास्त्रातलेच अनेक जण सांगतात.

बेळगाव शहराजवळच्या हलगा-मच्छे बायपासच्या वादातही हीच गाठ आहे. शहराला लागून असलेली सुपीक जमीन जाते म्हणून शेतकऱ्यांनी दीर्घकाळ विरोध केला. रस्त्याच्या आखणीच्या तक्त्यात जमीन बहुधा ‘संपादन खर्च’ या रकान्यात बसते आणि तिचे मोल नुकसानभरपाईच्या रकमेइतके होते. त्याच जमिनीला ‘पिकाऊ शिवार’ असा वेगळा निकष केला तर लांबचा, महाग पर्याय वर येऊ शकतो.

आक्षेप

श्रेणीबद्ध विश्लेषण पद्धतीवरचा सर्वांत गाजलेला आक्षेप व्हॅलेरी बेल्टन आणि टोनी गिअर यांनी 1983 मध्ये दाखवला. आधीच्याच एखाद्या पर्यायाची नक्कल यादीत घातली तर मूळ पर्यायांचा आपसातला क्रम उलटू शकतो. म्हणजे हरणाऱ्याने जिंकणाऱ्यासारखा आणखी एक पर्याय समितीपुढे आणवला तर निकाल फिरू शकतो. पद्धतीत पुढे सुधारणा झाल्या, तरी यादी कोण बनवतो हा प्रश्न उरतोच. दुसरा आक्षेप उलट्या हिशेबाचा: निवड आधी ठरवून ती वर येईल असे भारांक मागून बसवणे. त्यावर एकच उपाय थोडाफार लागू पडतो. पर्याय समोर येण्यापूर्वीच भारांक ठरवून, ग्रामसभेत किंवा सभागृहात मांडून, इतिवृत्तात नोंदवायचे. सीमाभागात हे इतिवृत्त कन्नडबरोबर मराठीतही असले तर ज्याची जमीन जाणार आहे त्याला भारांक वाचता येतात, आणि हरकत मुदतीत घेता येते.