‘मेश’ कसा खेळावा: मॅडनमधल्या एका पासिंग प्लेची माहिती

हे पत्रक ‘मॅडन एनएफएल’ हा व्हिडिओ गेम खेळणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी आहे. इथे फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉल: चार डाउन (प्रयत्न) आणि त्यात १० यार्ड पुढे जायचं. बटणं प्लेस्टेशनची दिली आहेत. एक्सबॉक्सवर क्रॉस म्हणजे ए, चौकोन म्हणजे एक्स, त्रिकोण म्हणजे वाय, आणि एल१, एल२ म्हणजे एलबी, एलटी.

प्लेबुकात शेकडो प्ले (ठरवलेल्या चाली) असतात. त्यातला एकच नीट शिकायचा असेल तर आम्ही ‘मेश’ सुचवतो. मैदानावर कोच माइक लीच यांच्या ‘एअर रेड’ आक्रमणाचा तो कणा होता, आणि ज्या कारणाने तिथे चालला त्याच कारणाने गेममध्येही चालतो: मॅन (पास पकडणाऱ्या प्रत्येक रिसीव्हरमागे एक बचावपटू) असो वा झोन (प्रत्येक बचावपटूकडे मैदानाचा एक भाग), पाचपैकी एक जण बहुतेक वेळा मोकळा सुटतो. तो कोण, हे रिसीव्हरकडे बघून कळत नाही. बचावपटूकडे बघावं लागतं.

प्लेची रचना

क्वार्टरबॅक (पास टाकणारा) शॉटगनमध्ये, म्हणजे चेंडू मागे देणाऱ्या सेंटरच्या साधारण ५ यार्ड मागे उभा असतो. दोन रिसीव्हर विरुद्ध बाजूंनी येऊन ५-६ यार्डांवर एकमेकांना जवळजवळ घासून आडवे जातात. हे दोन ड्रॅग. बाकीचे तीन रूट (धावण्याचे मार्ग) फॉर्मेशननुसार, म्हणजे खेळाडूंच्या मांडणीनुसार बदलतात. निवडताना असा प्ले बघा, ज्यात एक रिसीव्हर कोपऱ्याकडे वळणारा कॉर्नर रूट धावतो, एक जण ड्रॅगच्या वर १०-१२ यार्डांवर मधोमध थांबतो आणि रनिंग बॅक (क्वार्टरबॅकजवळ उभा असलेला धावपटू) बाजूला निघतो.

ड्रॅगच्या दोन जागांवर कोण उभं आहे ते प्ले निवडतानाच तपासा. तिथे वेग, ॲक्सेलरेशन आणि शॉर्ट रूट रनिंग हे तीन आकडे चांगले हवेत. जड टाइट एंड (लाइनला लागून उभा राहणारा रिसीव्हर) ड्रॅगवर असेल तर मॅन कव्हरेजमध्ये तो सुटत नाही, आणि मग दोष प्लेला दिला जातो.

स्नॅपच्या आधी

स्नॅप म्हणजे सेंटर चेंडू मागे देतो तो क्षण. आधी खोलवर किती सेफ्टी (सर्वांत मागचे बचावपटू) आहेत ते मोजा. मधोमध एकच असेल तर बहुधा कव्हर १ (मॅन, एक जण खोल) किंवा कव्हर ३ (झोन, तिघे खोल). दोन असतील तर कव्हर २ (झोन, दोघे खोल), कव्हर ४ (झोन, चौघे खोल) किंवा टू-मॅन (मॅन, दोघे खोल). एकही नसेल तर कव्हर ० ब्लिट्झ (खोल कोणी न ठेवता जादा माणसं क्वार्टरबॅकवर धावतात) येतोय असं धरून चाला.

मग एका ड्रॅगवाल्याला मोशनमध्ये, म्हणजे स्नॅपआधीच चालवत, दुसऱ्या बाजूला न्या. एक बचावपटू त्याच्या मागोमाग पूर्ण मैदान ओलांडत आला तर मॅन. बचावपटू जागेवरच थोडे सरकले तर झोन. समोरचा माणूस मुरलेला असेल तर हे सोंगही आणतो, म्हणून स्नॅपनंतर पहिल्या अर्ध्या सेकंदात सेफ्टी कुठे पळतात ते पुन्हा बघा. पण फार रेंगाळू नका. प्ले क्लॉक संपलं तर ५ यार्ड मागे जावं लागतं.

कोणाला पास द्यायचा

मॅन कव्हरेज: ड्रॅग. दोघं एकमेकांना ओलांडतात तेव्हा बचावपटू गर्दीत अडकतात आणि एक पाऊल मागे पडतात. ओलांडण्याच्या आधी पास टाकू नका. ओलांडल्यावर, साधारण दीड-दोन सेकंदांनी, बटण दाबून धरून बुलेट पास टाका आणि डावी स्टिक रिसीव्हर धावतोय त्याच दिशेला ठेवा. स्टिक सोडली तर चेंडू त्याच्या पाठीमागे पडतो, त्याला थांबावं लागतं आणि मागचा बचावपटू तेवढ्यात पोहोचतो.

कव्हर २: कॉर्नर रूट. बाहेरचा कॉर्नरबॅक (कडेचा बचावपटू) फ्लॅटमध्ये, म्हणजे साइडलाइनकडच्या उथळ भागात, खाली राहतो, सेफ्टी खोल असतो आणि दोघांच्या मधे साइडलाइनजवळ खिंडार पडतं. इथे बुलेट चालत नाही. खालच्या बचावपटूच्या हाताला लागतो. बटण अर्धवट दाबून टच पास द्या, स्टिक बाहेर आणि किंचित पुढे. बाहेरचा कॉर्नरबॅक मागे सरकलेला दिसला तर हट्ट सोडा. तो मागे गेला म्हणजे रनिंग बॅक मोकळा आहे.

कव्हर ३: कॉर्नर रूटच्या वर एक बचावपटू आधीच बसलेला असतो, तिकडे बघूसुद्धा नका. पहिली नजर फ्लॅटमधल्या रनिंग बॅककडे, दुसरी मधोमध थांबलेल्या रिसीव्हरकडे. झोन मधे घट्ट बसत असेल तर एका ड्रॅगवाल्याचा रूट बदलून त्याला थांबवा: त्रिकोण, मग त्या रिसीव्हरचं बटण, मग डावी स्टिक खाली. कव्हर ४ मध्येही खालचंच घ्या. चार जण खोल गेलेले असतात, ५-६ यार्ड आयते मिळतात.

कव्हर ०: तुमचे अडवणारे पाच लाइनमन, त्यात बचावाचा सहावा माणूस धावून येतो, म्हणजे एक जण मोकळा सुटणारच. रनिंग बॅकला ब्लॉकवर ठेवा. सात जण आले तर तोही पुरत नाही. मग ड्रॅग ओलांडण्याची वाट न बघता आतल्या बाजूला ज्याला एका पावलाची आघाडी मिळाली त्याला लगेच पास.

इंटरसेप्शन कुठून येतात

या प्लेवरचे बहुतेक इंटरसेप्शन (बचावपटूने पकडलेले पास) एकाच माणसामुळे होतात: प्रतिस्पर्धी स्वतः चालवत असलेला मधला लाइनबॅकर (बचावाच्या पुढच्या फळीच्या लगेच मागे उभा असलेला). त्याला मेश ओळखता येतो आणि तो ओलांडण्याच्या जागी येऊन उभा राहतो. तो खाली आला की मधोमध थांबणारा रिसीव्हर मोकळा. तो मागे राहिला की ड्रॅग मोकळा. स्नॅपनंतर नजर याच्यावर हवी. तो कुठल्या बाजूला झुकतोय ते कळलं की उलट बाजूचा ड्रॅग घ्या.

दुसरी चूक म्हणजे घाबरून मागे पळणं. तुमचे टॅकल (टोकाचे दोन लाइनमन) कडेने धावून येणाऱ्या बचावपटूंना तुमच्या मूळ जागेच्या मागून वळसा घालायला लावतात. तुम्ही १० यार्ड मागे गेलात की त्यांना वळसाच घालावा लागत नाही. डावी स्टिक शक्यतो हलवू नका. दबाव आलाच तर एक पाऊल पुढे. पळता पळता फेकलेल्या पासची अचूकता घटते.

मॅडन २३ पासून पासिंगचे वेगळे पर्यायही आले आहेत, ज्यात अचूकतेचा मीटर दिसतो. मेशसाठी सुरुवातीला ‘क्लासिक’, म्हणजे बिनमीटरचा जुना पर्याय ठेवा. मीटरकडे बघताना लाइनबॅकर सुटतो.

पास हवेत असतानाचं बटणही ठरलेलं असू द्या. गर्दीत क्रॉस, म्हणजे आधी चेंडू पक्का. समोर मोकळं मैदान असेल तरच चौकोन, म्हणजे पकडताच धाव. त्रिकोणाची उडी ड्रॅगवर कामाची नाही. उंच बचावपटूच्या हाताखालून द्यायचा असेल तर एल२ धरून खालचा पास.

कॉलेज फुटबॉल खेळत असाल तर

हॅश मार्क म्हणजे मैदानावरच्या खुणांच्या दोन रांगा; प्ले सुरू होताना चेंडू त्यांच्यावर किंवा त्यांच्या मधे असतो. एनएफएलमध्ये (व्यावसायिक लीगमध्ये) या रांगांमधलं अंतर साडेअठरा फूट, कॉलेजमध्ये ४० फूट. मैदानाची रुंदी मात्र दोन्हीकडे १६० फूटच. त्यामुळे कॉलेजच्या गेममध्ये चेंडू एका हॅशवर असला की एक बाजू अरुंद होते आणि त्या बाजूचा कॉर्नर रूट साइडलाइनला जाऊन गुदमरतो. प्ले उलटवून कॉर्नर रूट रुंद बाजूला न्या. मॅडनमध्ये हा फरक जवळपास जाणवत नाही.

सराव

प्रॅक्टिस मोडमध्ये बचावाचा प्ले तुम्हीच निवडू शकता. कव्हर १, २, ३, ४ आणि ० प्रत्येकी २० वेळा, आधी बचाव माहीत असताना. मग तेच पाच मिसळून, न बघता. पहिल्या टप्प्यात किती यार्ड मिळाले ते लिहू नका; योग्य माणसाकडे पास गेला की नाही एवढंच लिहा. २० पैकी १६ वेळा योग्य माणूस सापडेपर्यंत ऑनलाइन सामन्यात तिसऱ्या डाउनवर हा प्ले काढू नका, पहिल्या डाउनवर वापरा. तिथे पास अपुरा पडला तरी चौथ्या डाउनच्या आधी अजून दोन डाउन हातात असतात.