मास्क, लस आणि आपली सीमाभागातली समजूत

बेळगाव, निपाणी, खानापुरात अजून ऐकू येतं, 'समितीवाले (सीमाभाग महाराष्ट्रात यावा म्हणणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीचे लोक) कर्नाटक सरकारचे नियम मानत नव्हते, म्हणून मराठी गल्ल्यांत करोना पसरला.' ही समजूत चुकीची आहे.

पक्षनिष्ठेचा परिणाम होतो, हे खरंच. अमेरिकेत २०२० पासूनच्या पाहण्यांत मास्क आणि लसीबद्दल रिपब्लिकन मतदार डेमोक्रॅटांपेक्षा मागे दिसले. ब्राझीलमध्ये तर खुद्द राष्ट्राध्यक्ष बोल्सोनारोच आजाराला क्षुल्लक म्हणत होते. नेता हलकं घेतो तेव्हा कार्यकर्ताही घेतो.

आपल्याकडे तशी पक्षीय फाळणी नव्हती. बेळगावचे खासदार, केंद्रीय रेल्वे राज्यमंत्री सुरेश अंगडी सप्टेंबर २०२० मध्ये करोनानेच गेले. त्यांच्या जागेसाठी १७ एप्रिल २०२१ ला, ऐन दुसऱ्या लाटेत पोटनिवडणूक झाली. भाजप, काँग्रेस, समिती, सगळेच प्रचारात होते. मग दोष एकट्या मराठी माणसाचा कसा?

महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरच्या कोगनोळी नाक्यावर मी तेव्हा स्वतः उभा होतो. महाराष्ट्रातून येणाऱ्यांकडे आरटीपीसीआरचा रिपोर्ट मागत होते. कोल्हापूरहून माहेरी निघालेली एक बाई प्लास्टिकच्या पिशवीत जपलेला कागद काढून दाखवत होती. सीमाप्रश्नावर ती काय म्हणेल ते मला ठाऊक नाही, पण नियम तिनं पाळला होता.

आमच्या मामी लसीला घाबरायच्या. आरोग्य विभागाच्या आशाताई दोनदा घरी आल्या, मराठीत नीट समजावलं, आणि मामी तिसऱ्या दिवशी रांगेत. 'आपल्या भाषेत सांगितलं बघ,' एवढंच त्या म्हणाल्या.