थंड प्लग, गरम प्लग

गाडीचा रिमॅप झाला (इंजिनच्या कॉम्प्युटरमधली सेटिंग बदलली), मोठा इंटरकूलर बसला, एक्झॉस्ट मोकळा झाला, की पुढचा प्रश्न हमखास येतो: आता स्पार्क प्लग कुठले टाकू? चर्चा लगेच धातूवर जाते, इरिडियम की प्लॅटिनम. माझ्या मते धातूचा विचार शेवटी करावा. आधी बघायचा तो प्लगच्या क्रमांकातला एक आकडा, हीट रेंजचा, म्हणजे प्लग आपल्या टोकाची उष्णता किती लवकर बाहेर सोडतो त्याचा: लवकर सोडणारा थंड, हळू सोडणारा गरम.

प्लग ठिणगी पाडतो हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्याचं दुसरं, तितकंच अवघड काम म्हणजे आगीत राहून स्वतःचं टोक ठरावीक तापमानात सांभाळणं. टोक साधारण 450 ते 500 अंश सेल्सिअसच्या खाली राहिलं तर त्यावर काजळी साचते. काजळीतून वीज वाहते, त्यामुळे करंट गॅप (दोन इलेक्ट्रोडमधली फट) ओलांडण्याऐवजी काजळीवरूनच निसटतो आणि ठिणगी पडत नाही. या तापमानाच्या वर काजळी आपोआप जळून जाते. पण टोक 850 अंशांच्या पुढे गेलं की ते निखाऱ्यासारखं वागू लागतं आणि ठिणगी पडायच्या आधीच मिश्रण पेटवतं. पिस्टन अजून वर येत असताना वरून स्फोटाचा दाब, म्हणजे प्रीइग्निशन. हे काही सेकंद जरी चाललं तरी पिस्टनला भोक पडू शकतं.

ही उष्णता बाहेर कशी पडते ते पाहायला दोन वेगवेगळ्या हीट रेंजचे प्लग शेजारी धरावेत आणि तोंडाकडून आत डोकवावं. मधल्या इलेक्ट्रोडभोवतीचा पांढरा शंकू ॲल्युमिनाच्या सिरॅमिकचा असतो. गरम प्लगमध्ये हा शंकू लांब, आणि त्याच्या व धातूच्या कवचाच्या मधली पोकळी खोल असते. टोकाची उष्णता त्या लांब शंकूतून खाली उतरून मगच कवचाला मिळते. थंड प्लगचा शंकू आखूड असतो, म्हणून उष्णता लवकर कवचात, तिथून आट्यांतून इंजिन हेडमध्ये आणि शेवटी कूलंटमध्ये जाते. ठिणगीची ताकद दोघांत सारखीच. थंड प्लग टाकल्याने हॉर्सपॉवर वाढत नाही. वाढलेल्या हॉर्सपॉवरसोबत आलेली उष्णता तो सोसतो, एवढंच.

आकडे वाचताना एक घोळ सांभाळायला हवा. एनजीके आणि डेन्सोमध्ये आकडा वाढला की प्लग थंड होतो. बॉश आणि चॅम्पियनमध्ये नेमकं उलटं. एनजीकेचा 6 म्हणजे डेन्सोचा 20, आणि 7 म्हणजे 22. कंपनी बदलताना तक्ता पाहिल्याशिवाय प्लग घेऊ नये.

मग किती थंड? एनजीकेचा अंदाजी नियम असा: 75 ते 100 हॉर्सपॉवर वाढली की एक पायरी थंड. एका पायरीने टोकाचं तापमान साधारण 70 ते 100 अंशांनी उतरतं. म्हणजे टर्बो नसलेल्या इंजिनावर नुसता एअर फिल्टर आणि एक्झॉस्ट बदलला असेल, तर मूळ हीट रेंजच ठेवा, ती बदलायचं काही कारणच नाही. टर्बो गाडीचा बूस्ट, म्हणजे टर्बोने दिलेला हवेचा जादा दाब, वाढवला असेल तर एक पायरी थंड हा शहाणपणाचा निर्णय. दोन पायऱ्या थंड जाऊन रोज ऑफिसला जाणाऱ्या गाडीत रेसिंगचे प्लग घालू नयेत. गर्दीत रांगत चालणाऱ्या इंजिनात टोक तापतच नाही आणि थोड्याच दिवसांत काजळी धरते. आणि नॉकिंग होतंय म्हणून थंड प्लग हा उपाय धरू नका. नॉकिंग ठिणगीनंतर होतं, उरलेलं मिश्रण दाबाने आपोआप भडकल्यामुळे. तिथे इंधनाचा ऑक्टेन, ठिणगीचं टायमिंग आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान बघावं लागतं.

गॅपची गोष्ट मला सगळ्यात रंजक वाटते. साध्या हवेत 1 मिलिमीटरची फट ओलांडायला विजेला चार-साडेचार हजार व्होल्ट लागतात. सिलिंडरमध्ये हवा दाबलेली, दाट असते, म्हणून जोर लावलेल्या इंजिनात हीच गरज 10 ते 25 हजारांवर जाते. फ्रीडरिश पाशेन या जर्मन भौतिकशास्त्रज्ञाने 1889 मध्ये दाखवलं की लागणारा व्होल्टेज वायूचा दाब आणि फटीची लांबी यांच्या गुणाकारावर ठरतो. टर्बो गाडीत हेच रोज घडतं. समजा बूस्ट 0.8 बारवरून 1.2 वर नेला. वातावरणाचा 1 बार धरून एकूण दाब 1.8 चा 2.2 झाला. मूळ गॅप 0.8 मिलिमीटर असेल, तर ठिणगीसाठी व्होल्टेज पुरवणाऱ्या कॉइलवरचा ताण पूर्वीइतकाच ठेवायला गणिताने 0.65 चा गॅप हवा. हे ढोबळ गणित आहे, पण दिशा बरोबर आहे. वरच्या गिअरमध्ये, मधल्या आरपीएमला पूर्ण ॲक्सिलरेटर दाबल्यावर गाडी झटके देत असेल, तर कॉइल बदलण्याआधी गॅप मोजा. मात्र गॅप फार कमीही करू नये. अरुंद फटीत ज्योतीचं पहिलं बीज इलेक्ट्रोडला चिकटून थंड पडतं, आणि इंजिन आयडलिंगला अडखळू लागतं.

आता धातू. निकेल 1455 अंशांना वितळतं, प्लॅटिनम 1768 ला, इरिडियम 2446 ला. इरिडियम फार कमी झिजतं म्हणून त्याचं टोक 0.4 ते 0.6 मिलिमीटरइतकं बारीक करता येतं. निकेलचं टोक अडीच मिलिमीटर जाड असतं. बारीक टोकाभोवती विद्युतक्षेत्र एकवटतं आणि ठिणगी कमी व्होल्टेजवर उडते. इरिडियमचा खरा फायदा एवढाच, आणि वाढलेल्या बूस्टला तो उपयोगीही पडतो. निकेलचे प्लग लवकर झिजतात, पण वेळेवर बदलले तर कामात कमी नाहीत. इरिडियमचा गॅप करताना मधल्या टोकाला गेजही टेकवू नका; ते कडक पण ठिसूळ असतं. बाहेरची पट्टीच हळूच वाकवायची.

बसवताना इंजिन थंड असावं, आणि प्लग आधी बोटांनी फिरवून टॉर्क रेंचने कंपनीच्या आकड्याइतका घट्ट करावा. सैल राहिलेला प्लग हेडला नीट टेकत नाही, आणि थंड प्लगसुद्धा गरम चालतो.

काही शे किलोमीटर झाले की प्लग काढून भिंगाखाली पाहा. शंकू फिकट तपकिरी किंवा राखाडी असेल तर निवड जमली. मऊ काळी काजळी म्हणजे मिश्रण रिच (इंधन जास्त) किंवा प्लग जास्तच थंड. पांढराफटक, फोड आलेला शंकू म्हणजे तापमान हाताबाहेर चाललंय. आणि त्या पांढऱ्यावर मिरपुडीसारखे बारीक चमकते ठिपके दिसले तर गाडी तिथेच थांबवा आणि ट्यूनरला बोलवा: तो पिस्टनचा ॲल्युमिनियम आहे.