पद्मिनीचे बुश आवळायचे कधी?

झाकून ठेवलेली, रंगावर ओरखडा नसलेली, जेमतेम 30 हजार किलोमीटर चाललेली प्रीमियर पद्मिनी दिसली की बघणारा म्हणतो, "गाडी नवीच आहे." इंजिनाबद्दल ते खरं असेलही, पण चाकं गाडीला जोडणाऱ्या सांध्यांमधले बुश, म्हणजे धक्के झेलणारे नळीसारखे गोल तुकडे, बहुतेक रबराचे असतात, आणि रबर उभ्या गाडीतसुद्धा म्हातारं होतं. हवेतला ओझोन रबराच्या लांबलचक रेणूंमधले दुहेरी बंध तोडतो, आणि रबर जिथे ताणलेलं असेल तिथे आधी तोडतो. म्हणून भेगा ताणाला आडव्या पडतात. शिवाय वर्षानुवर्षं ऑक्सिजन लागून रबर कडक होतं. पाट्याच्या (मागच्या पट्ट्यांच्या स्प्रिंगच्या) डोळ्यातला, म्हणजे टोकाच्या गोल कडीतला, बुश नखाने दाबून दबत नसेल, तर तो गेला असं समजावं.

पद्मिनीला पुढे प्रत्येक चाकामागे वर-खाली दोन आर्म (चाकाला वर-खाली झुलू देणारे दांडे) आणि कॉइल स्प्रिंग असते, मागे सलग ॲक्सल आणि पाटे. खडखड कुठून येते ते आधी नीट शोधावं. पुढचं चाक जॅकवर उचलून, गाडी स्टँडवर ठेवून, चाकाला वर आणि खाली धरून आत-बाहेर हलवा. ढिलाई जाणवली तर कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा. ब्रेक दाबल्यावर ढिलाई गेली तर दोष चाकाच्या बेअरिंगमध्ये. तशीच राहिली तर किंगपिनचे (पुढचं चाक ज्या उभ्या पिनेवर वळतं तिचे) धातूचे बुश झिजलेत किंवा आर्मचे सांधे सैल झालेत.

पुढचे आर्म सोडवताना कॉइल स्प्रिंगची भीती बाळगावी. समजा स्प्रिंग 4000 न्यूटन जोराने 10 सेंटिमीटर दबलेली आहे. तिच्यात 200 जूल ऊर्जा साठलेली असते, म्हणजे 20 किलोचं वजन एक मीटरवरून पडावं इतकी. स्प्रिंग कॉम्प्रेसर न लावता बोल्ट काढणं म्हणजे हात गमावण्याची तयारी. आर्मच्या मुळाशी पत्र्याच्या शिम (पातळ चकत्या) निघाल्या तर कुठल्या बोल्टवर किती होत्या ते लगेच लिहून ठेवा. चाकाचा कल त्यांच्यावर ठरतो.

जुना बुश हातोडीने ठोकून काढू नये, आर्मचं भोक अंडाकृती होतं. बाहेरून मोठा सॉकेट, आतून बुशच्या कडेइतकाच दुसरा सॉकेट, आणि मोठ्या व्हाइसमध्ये दाबून बाहेर. नवा बसवताना साबणाचं पाणी वापरा, ग्रीस किंवा इंजिन ऑइल नको. नैसर्गिक रबर खनिज तेल पिऊन फुगतं आणि मऊ पडतं.

आता सगळ्यात जास्त होणारी चूक. ज्या बुशच्या आत लोखंडी नळी असते, तो बेअरिंगसारखा फिरत नाही. बोल्ट आवळला की नळी जागच्या जागी पकडली जाते आणि आर्म हलला की मधलं रबर पिळलं जातं. चाकं हवेत लटकत असतानाच बोल्ट आवळले, तर रबराची 'सरळ' अवस्था तीच ठरते. गाडी खाली टेकवल्यावर आर्मचा कोन 15 अंशांनी बदलत असेल, तर बुश उभ्या गाडीतही कायम 15 अंश पिळलेला राहतो. पुढे खड्ड्यात आणखी पिळ बसतो, आणि नवा बुश काही महिन्यांत फाटतो. दोष मग सुट्या भागाला दिला जातो. म्हणून आधी बोल्ट फक्त हाताने लावा, गाडी चाकांवर उतरवा, पुढून-मागून चार-पाच वेळा दाबून बसू द्या आणि मगच टॉर्क पान्याने आवळा. पाट्यांच्या डोळ्यांना आणि शॅकलनाही (पाट्याचं एक टोक गाडीला जोडणाऱ्या हलत्या पट्ट्यांनाही) हाच नियम.

किंगपिनचे नवे बुश दाबून बसवले की काम संपत नाही. वरचा आणि खालचा बुश एकाच रेषेत रीमरने (भोक नेमक्या मापाचं करणाऱ्या हत्याराने) घासून घ्यावे लागतात. पिन बोटांच्या जोराने फिरली पाहिजे, पण हलता कामा नये. बुशचं भोक ग्रीसच्या निपलसमोर आलंय ना, हे दाबण्याआधीच पाहा. ग्रीस भरताना चाक उचललेलं असावं. भार असताना पिन ज्या बाजूला टेकलेली असते, तिथे ग्रीस शिरत नाही.

पाटे बसले, म्हणजे त्यांची कमान सपाट झाली असेल, तर दोन्ही बाजूंचे एकदमच बदला. गॅसची आच देऊन कमान चढवण्याचा मोह टाळा, स्प्रिंगच्या पोलादाचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरतो आणि पाटा पुन्हा बसतो. पाटे एकत्र धरणाऱ्या सेंटर बोल्टचं डोकं ॲक्सलच्या भोकात नेमकं बसलं नाही तर ॲक्सल तिरका राहतो. पाटा ॲक्सलला बांधणारे यू-बोल्ट नवे घ्या, जुने ताणलेले असतात. नवे शॉकअप बसवण्याआधी उभे धरून चार-पाच वेळा पूर्ण दाबून ओढा, म्हणजे आडवं ठेवल्याने शिरलेली हवा निघून जाते.

सुटे भाग घेतानाही डोळसपणा हवा. 30 ऑक्टोबर 2023 पासून मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी गेल्या, आणि त्यांच्याबरोबर रोजचं गिऱ्हाईकही. दुकानात वर्षानुवर्षं पडून असलेला सीलबंद बुशसुद्धा म्हातारा झालेला असू शकतो. बोटांनी वाकवून पाहा. पृष्ठभागावर बारीक भेगा उघडल्या तर परत करा.

शेवटी अलाइनमेंट करून घ्या, आणि 500 किलोमीटरनंतर यू-बोल्टना पुन्हा पाना लावा. नवे पाटे एकमेकांवर बसताना हे बोल्ट थोडे सैल पडतात.